गोंद लागेपर्यंत

बसा ताई, त्या स्टुलावर. चौकटीच्या पलीकडे, लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या मऊ बाजूला. ही धागे भरायची बंदूक बंद करते, नाहीतर तिच्या खडखडाटात काही ऐकू येणार नाही. तुम्ही तुमच्या बैठकीच्या गालिच्याचं माप द्यायला आलात आणि आल्या आल्या विचारलंत, आमची कामवाली यादम्मा झाडू बाहेरूनच का सरकवते, आत का येत नाही. सांगते. चार वाजायला वेळ आहे. फक्त एक करा, गोष्ट ऐकताना हुंकार देऊ नका. नुसती मान हलवा, मी वरून डोकावून बघत जाईन.

ही खोली म्हणजे माझ्या सासऱ्यांचं दफ्तर. अण्णा नामांकित वकील, आमचा अख्खा नल्लकुंटा मोहल्ला त्यांना वकीलसाहेब म्हणायचा. एकवीस वर्षं मी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. चार वाजता चहा आणायचा, उंबऱ्यावर कप दोनदा वाजवायचा आणि थांबायचं. आतून ‘हं’ आलं की कप आत सरकवायचा. नाही आलं तर चहा गार होईपर्यंत उभं राहायचं. मी चित्रकलेचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी. माझे रंग, माझे धागे त्यांनी पहिल्याच महिन्यात माळ्यावर टाकायला लावले. “दफ्तरात बायकांचा पसारा नको,” म्हणाले. मला फार राग यायचा. पण तेव्हा मी तो चहाबरोबर गिळत होते.

अण्णा गेले ते शुगरने. आधी डाव्या पायाचा अंगठा गेला, मग दोन वर्षांनी माणूस. त्यानंतर ही खोली मागायला मला आणखी एक वर्ष लागलं. संदीप, माझा नवरा, भला माणूस आहे, पण वडिलांच्या फोटोसमोरसुद्धा उठून उभा राहणारा. शेवटी एकदाचा तयार झाला, तोही अट घालून. कुकटपल्लीच्या एका शाळेने मुलांच्या वाचनखोलीसाठी मोठा गालिचा सांगितला होता, निळं तळं आणि त्यात पांढरे बगळे. माझं पहिलंच मोठं काम. संदीप म्हणाला, “त्रिवेणी, शनिवारपर्यंत झालं तर खोली तुझी. नाही झालं तर कुलूप लावायलो मी. पुन्हा विषय काढायचा नाही.”

आता हे काम कसं चालतं ते बघा. चौकटीवर कापड ताणायचं, मागून बंदूक चालवायची. माझ्या बाजूला नुसते टाके दिसतात, लव उगवते तुमच्या बाजूला. कसं उमटलं ते बघायचं तर चौकटीला वळसा घालून यावं लागतं. आणि मागून गोंद लागेपर्यंत त्या टाक्यांत काही जीव नसतो. चिमटीत धरून ओढलं की धागा सुटून येतो. एकदा गोंद वाळला की मग कुणाच्या बापाला निघत नाही.

बुधवारी मी निळी लोकर आणायला बेगमबाजारात गेले. दारावर कुलूप, संदीपने शनिवारपर्यंत दिलेली एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये. दुपारी परत आले, वळसा घालून तळं बघायला गेले, तर लवेवर दोन पावलं दाबलेली. उभ्या गालिच्यावर, माझ्या छातीच्या उंचीला. डाव्या पावलाला अंगठा नव्हता.

यादम्मा मागेच होती. तिच्या हातातली बादली सांडली आणि ती तेलुगूत ‘नको, नको’ म्हणायला लागली.

“वद्दम्मा... वद्दु. इसमें कोई खडा है... मैं अंदर नक्को आती.”

त्या दिवसापासून ती आत आली नाही. मी मात्र ब्रश घेतला आणि लव सरळ केली.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तेव्हा तपकिरीचा वास आला. अण्णा ओढायचे तीच. पावलांच्या जागी लव नव्हतीच. दोन टकलं पडली होती आणि खाली निळ्या धाग्यांची नीट रचलेली चळत. तारीखवार फायली लावाव्यात तशी. संदीपने दारातूनच बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“सोड ना... अण्णांना आवडंना झालंय.”

“अण्णांना मी जिवंतपणीही आवडत नव्हते,” मी म्हटलं, “म्हणून मी स्वयंपाक सोडला का?”

मी ती टकलं पुन्हा भरली.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला शेवटचा बगळा पुरा झाला आणि वीज गेली. बंदूक थांबली. एकदम इतकं शांत झालं, की रस्त्यावरचा भाजीवालाही ऐकू येईना. मग पलीकडून आवाज आला. टुक्... टुक्... धागा सुटल्याचा. आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बाजूचे टाके एकेक करून कापडात गडप व्हायला लागले. वास इतका, की माझे डोळे झोंबले. वळसा घालून बघायची हिंमत माझ्यात नव्हती. पण गोंदाला वीज लागत नाही, हे त्याच क्षणी मला सुचलं. मी बादली ओढली आणि दोन्ही हातांनी गोंद थापायला लागले, जिथे टाके जात होते तिथेच आधी.

पलीकडून जोर आला. कापडातून माझ्या तळहाताला एक पायाचा तळवा लागला. थंड, सुरकुतलेला, अंगठ्याच्या जागी पोकळ. ताई, मला ओरडायचं होतं. मी हात काढला नाही.

“अण्णा,” मी म्हटलं, “एकवीस वर्षं मी बाहेर उभी राहिले. आता तुम्ही राहा.”

किती वेळ दाबून धरलं होतं कोण जाणे. वीज आली तेव्हा पलीकडे काही नव्हतं. गेलेले टाके मी सुईने हाताने भरले. शनिवारी शाळेचा टेम्पो आला, गालिचा गेला, संदीपने किल्ली कायमची माझी केली. त्या दिवशी मी या खोलीत जमिनीवर बसून पोटभर रडले.

सोमवारी नवं कापड ताणत होते. चार वाजले. उंबऱ्यावर कप वाजला, दोनदा.

यादम्मा साडेतीनलाच घरी जाते. मी वळून बघितलं नाही. दाराबाहेर कुणीतरी थांबलं होतं, आणि ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं, एकवीस वर्षं मीच तसं थांबलेले. तेव्हापासून रोज वाजतो. संध्याकाळी फरशीवर चहाचा ओला गोल डाग आणि त्याच्यामागे दोन पावलं, बोटं खोलीकडे. संदीप मागे लागतो, “एकदा म्हण ना ‘हं’. सुटतील बिचारे.” मी म्हणते, आत्ता कुठे एक वर्ष झालंय. एकवीस होऊ देत, मग बघू. आतून ‘हं’ मिळाल्याशिवाय ते आत येत नाहीत, एवढं मला कळलंय. मी जिवंत आहे तोवर मिळणारही नाही.

झालं. सांगा तुमचं माप. सहा बाय चार ना...

थांबा. ऐकलंत? दोनदा. बोलू नका...

ताई.

तुम्ही आत्ता ‘हं’ म्हणालात?

सवयीने गेलं तोंडातून, कळलं मला. मान हलवा म्हटलं होतं ना मी... उठू नका. दाराकडे बघू नका. कप आत सरकलाय, तो सरकल्याचा आवाज मीही ऐकला. येऊ देत. गोंदाची बादली माझ्या पायाशीच आहे, आणि या खेपेला मी बोलत बसणार नाही. पण मला इकडून नुसते टाके दिसतात. लवेच्या बाजूला तुम्ही आहात.

तेवढं हळू आवाजात सांगा मला... पावलं किती उंचीवर उमटलीत?