विनाकारण विरोध

मेंदू-उपचार केंद्राच्या तपासणी खोलीत पद्मजाबाई मगदूम खुर्चीवरून स्वतः उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "छान दिसताय."

दिगंबररावांना तिथेच शंका आली.

त्याआधी महिनाभर पद्मजाबाई थिजून होत्या. हात वर केला तर वरच राहायचा. घास तोंडात तसाच. डॉक्टर या आजाराला थिजावस्था म्हणत. जुनं नाव कॅटाटोनिया. आता त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली बटणाएवढं मात्रायंत्र बसवलं होतं. त्यांच्या हालचाली आणि बोलणं तपासून ते लोराझेपाम हे झोपेचं औषध थोडं थोडं रक्तात सोडायचं.

"झोपेच्या औषधानं माणूस जागा कसा होतो?" दिगंबररावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काकू झोपलेल्या नाहीतच, काका," डॉ. शहनाज बागवान म्हणाल्या होत्या. "भीतीनं ससा जागीच गोठतो, तसं आहे. ब्रेक अडकलाय. हे औषध तो सैल करतं. पण या वयात जरा जास्त झालं की तोल जातो, श्वास मंदावतो. म्हणून यंत्र."

दिगंबरराव खिडकीपाशी गेले. "आपण पहिल्यांदा मिरज स्टेशनवर भेटलो, नाही का?"

"हो, मिरजेला," पद्मजाबाई हसून म्हणाल्या.

ते तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. "ही आमची बायको नाही."

"काका, बसा आधी."

"आम्ही सांगलीच्या एसटी स्टँडवर भेटलो. मी मुद्दाम मिरज म्हणतो, ती भांडते. लग्नापासून हेच. आज हो म्हणाली. तुमचं यंत्र मोजतं काय, ते सांगा. माझी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्राच्या नियंत्रण कक्षात झाली. जे मोजायला सांगाल तेच यंत्र शून्यावर आणतं."

"ताठरपणा, अबोला, न खाणं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि विनाकारण विरोध. उठा म्हटलं की बसायचं, हात द्या म्हटलं की मागे घ्यायचा. लक्षणच आहे ते."

"कारण असलं तर?"

"यंत्राला कारण कळत नाही."

"म्हणजे ती नाही म्हणाली की डोस."

"हो," त्या हळू म्हणाल्या. "नाही म्हणणं थांबेपर्यंत."

त्याच दिवशी डॉक्टरांनी यंत्रातून विरोधाचं मोजमाप काढून टाकलं. मग दिगंबररावांच्या हातात एक छोटी कळ दिली. "आजार उलटला तर सुरुवात नकारानंच होईल, आणि आता यंत्र गप्प बसेल. त्यामुळे ते तुम्ही मोजायचं. शंका आली की दाबा, डोस जाईल. उशीर केलात तर त्या पुन्हा थिजतील, या वयात परत बाहेर येतीलच असं नाही."

"आणि उगाच दाबली तर?"

"तर पडतील. किंवा..."

"किंवा गोड बोलेल."

घरी आल्यावर औषध उतरत गेलं. एका सकाळी दिगंबररावांनी चहा पुढे केला.

"नको."

"खिडकी उघडू?"

"नको."

खिशातली कळ त्यांच्या मुठीत आली. आयुष्यभर जपलेलं खोटं सोडायचं त्यांनी ठरवलं. ही खरंच ती असेल, तर हे ऐकून शेजारच्यांना बोलावून पुन्हा वदवून घेईल.

"बरं, तू जिंकलीस. आपण सांगलीलाच भेटलो."

"नाही. मिरजेला."

जे म्हणावं त्याच्या उलट. हुबेहूब लक्षण. अंगठा कळीवर टेकला, अर्धा दाबलाही गेला. मग त्यांना डॉक्टरांचा एकच शब्द आठवला: विनाकारण.

"का?"

पद्मजाबाई चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. जबडा आवळल्यासारखा वाटला. दिगंबररावांचा अंगठा कळीवरून निघत नव्हता.

"मिरजेच्या फलाटावर तुम्ही तुटलेल्या चपलेला सुतळी बांधत बसला होता," त्या म्हणाल्या. "मी समोरच्या बाकावर होते. तुम्ही वर पाहिलंच नाही. पुढे सांगलीला भेटलात तेव्हा मी लगेच ओळखलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असता."

दिगंबरराव ती चप्पल आठवू लागले. त्या काळात चपला तुटायच्याच. सुतळी आठवेना. मेंदूनं आयत्या वेळी रचलेलंही असेल. तपासायला दुसरं कुणी नव्हतं.

"आणि ते हातातलं खाली ठेवा," पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांनी कळ टेबलावर ठेवली. हात पोचेल इतक्या अंतरावर.