लाल ट्रॅक्टरची खांदशेकणी

“पंप असता तं आजच सुरू झाला असता हा!”

हातातला पाना खाली ठेवत अतुल म्हणाला. म्हणाला तो कोणालाच उद्देशून नाही; पण त्याची नजर कडुनिंबाखालच्या ट्रॅक्टरवरून निघून सरळ ओसरीवर आली आणि पुरणाची डाळ निवडत बसलेल्या कोकिळेच्या काळजात रुतली... तिने मान खाली घातली. सुपातले खडे वेचता वेचता डाळच दिसेनाशी झाली.

चार वर्षे झाली होती त्या पंपाला!

कोकिळा या घरात लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती. होता तो सहा वर्षांचा दीर, नाक वाहणारा, हट्टी, तिच्या हातचाच घास मागणारा. सासऱ्यांच्या लाल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तो गावभर हिंडायचा आणि घरी आला की वहिनीच्या पदराला काळे हात पुसायचा. त्या डागांचा तिला कधी राग आला नाही. स्वतःची लेक अर्पिता पुढे झाली, तरी पहिला मुलगा तिने अतुललाच मानले.

मग ते वर्ष आले. कापूस घरात आढ्यापर्यंत रचून पडला आणि भाव काही केल्या वर येईना. तिच्या नवऱ्याने, भगवानरावांनी, वडलांच्या माघारी उरलेला त्यांचा ट्रॅक्टर नेरच्या एका व्यापाऱ्याला द्यायचे ठरवले, चार माणसांत शब्दही देऊन टाकला. अतुलने आकांत केला. “आबाचा ट्रॅक्टर मी जाऊ देनार नाही!” आणि दुसऱ्या दिवशी व्यापारी न्यायला आला, तर पाहतात काय... इंजिनाचा डिझेल पंपच गायब!

“अतुल्या! चोरा!” भगवानराव भर अंगणात कडाडले होते.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. यानेच काढला असणार, कोकिळेला वाटले. आणि त्या एका क्षणात तिने काहीही विचार न करता ते कलंकाचे बोट स्वतःकडे वळवून घेतले.

“त्याले काही म्हनू नोका! पंप म्या इकला. माह्या भावाच्या लग्नासाठी.”

बिनपंपाचा ट्रॅक्टर कोण नेणार? व्यापारी गेला. आणि दुपारच्या एसटीने अतुलही गेला, यवतमाळला, एका गॅरेजात कामाला. जाताना त्याने तिच्याकडे असे पाहिले की त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरे! याने पंप काढलाच नव्हता, हे तिला त्या नजरेने सांगितले; पण आता शब्द मागे घेतला, तर चोर पुन्हा तोच ठरणार होता. भगवानरावांनी मात्र त्यानंतर पंपाचा ‘प’ही काढला नाही. केवढे मोठे मन यांचे, असे मानून ती बिचारी चार वर्षे त्यांना दोनदा जास्तच तूप वाढत आली होती.

यंदा बैलजोडी विकली गेली, गोठा रिकामा झाला, आणि श्रावणात भगवानरावांनीच भावाला निरोप धाडला. ‘पोळ्याले गावच्या तोरनाखाली घरचं काहीतरी उभं राह्यलं पायजे. आबाचा ट्रॅक्टर उघडून चालू कराले ये.’

तो आला. बारा दिवस राबला. टूलबॉक्समध्ये घर करून बसलेल्या कोंबडीला आठ पिलांसह सन्मानाने दुसरीकडे हलवले, इंजिनाचे हेड उतरवले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, गंजलेला एकेक बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून सोडवला. भगवानरावांनी बॉनेटला लाल रंग दिला. त्यातला निम्मा त्यांच्या धोतराला लागला. सारा गाव येऊन सल्ले देऊन गेला. अंगण कसे भरून गेले होते! पण कोकिळा रोज ताट वाढून ओट्यावर ठेवी आणि ते ताट रोज तसेच परत येई. तो मित्राकडे जेवायला जाई. “तुमी कायले तरास घेता,” एवढेच म्हणे. ज्याने जन्मभर ‘तू’ म्हटले, त्याच्या तोंडचे ते ‘तुमी’! एकदा, फक्त एकदा, त्याने माझ्या हातचे जेवावे... याहून तिचे काही मागणे नव्हते.

“या मॉडेलचा पंप आता कुठंच भेटत नाही,” अतुल पुटपुटला. “उद्या पोळा. राह्यलंच म्हना.”

तेवढ्यात ओसरीच्या कडेला बसलेले भगवानराव उठले. गोठ्याच्या माळ्याला शिडी लावली, वर चढले आणि जुन्या सरकीचे पोते धप्पकन खाली टाकले. उंदीर लागतात, फेकून द्या, असे कोकिळेने ज्याच्याबद्दल दहादा सांगितले होते, तेच पोते! त्यांनी पोत्याचे तोंड सोडले, कोपरापर्यंत हात घातला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली जड वस्तू बाहेर काढली.

पंप!

“म्याच काढला होता,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येईना. “चार मानसांत शब्द देऊन बसलो होतो, मांगं फिरता येत नव्हतं. अन् आबाचा ट्रॅक्टर डोयादेखत जाताना पाहवत बी नव्हता. म्हून रात्री काढला, अन् सकाळी सगळ्याइत जोरानं म्याच बोंबललो... वरतून तू म्हनली, म्या इकला. मंग तं तोंडच उघडलं नाही माह्यं!”

कोकिळा उभीच राहिली. सूप कलंडले, डाळ ओसरीभर झाली.

“चार वर्सं!” ती सांडलेल्या डाळीतूनच पुढे आली. “चार वर्सं मले चोर ठेवलं तुमी! अन् वरतून तूप खाल्लं!”

“खाल्लं,” भगवानरावांनी कबूल केले आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

अतुलच्या हातातले फडके गळून पडले. तो एकेक पाऊल टाकत ओसरीजवळ आला.

“मंग तू... काहून म्हनली, इकला म्हून?”

“तुले चोर म्हनत होते न रे,” ती रडत म्हणाली. “मले वाटलं, तूच काढला. तुह्या नावाले डाग लागला असता, बाप्पा... माह्या पदराले तं तुहे डाग लागतच होते.”

तो तिच्या पायाशी कोसळला. ‘तू’ म्हणाला होता तो... तिच्या कानांत तेवढेच घुमत राहिले!

मग काय विचारता! तासाभरात पंप बसला, डिझेलच्या नळीतली हवा काढली गेली. बॅटरी नव्हती, म्हणून अंगणाच्या उतारावरून ढकलायचे ठरले. शेजारचे चौघे आले, दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून मागे उभे राहिले आणि सीटवर, पदर खोचून, कोकिळा!

“वहिनी, मी म्हनलो का क्लच सोड!”

“अन् मंग थांबवू कसा रे?”

“ते मंग पाहू! सोड!”

धडधडधड... काळ्या धुराचा लोट उठला, आठही पिले पळाली, आणि कडुनिंबाखाली चार वर्षे मुका उभा असलेला सासऱ्यांचा ट्रॅक्टर गावभर ऐकू जाईल असा बोलू लागला! तो फाटकाला लागता लागता अतुलने उडी मारून थांबवला. कोकिळा हसत होती की रडत होती, ते तिचे तिलाही कळले नाही.

दिवस कलला. खांदशेकणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायची, वेळ झाली. अर्पिताने पळसाची पाने आणि हळद-तुपाची वाटी आणून दिली. आता ट्रॅक्टरचा खांदा कोणता, यावर दोघा भावांची चांगलीच जुंपली. शेवटी मडगार्डवर तडजोड झाली. कोकिळेने पळसाच्या पानाने तिथे तूप चोळले. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” असे बैलांना म्हणतात तसे ट्रॅक्टरला म्हटले आणि हात जोडले.

वाटीत थोडे तूप उरले होते. ढकलून ढकलून अतुलचा खांदा सोलवटला होता. सदऱ्यातून लाल दिसत होता. ती त्याच्यासमोर आली. तिने त्या खांद्यावर हळूच हळद-तूप चोळले आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

“आज आवतन घ्या... उद्या जेवाले या.”

अतुलने तिचा पदर ओढला, त्याला आपले काळे हात खसखसून पुसले आणि सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागला.

“उद्या काहून, वहिनी? मले आताच भूक लागली. वाढ!”