चिकटलेली दोन पानं

तो खोका सकाळी माझ्या टेबलावर आला आणि तासाभरात त्याच्या मागोमाग हा आला.

मी अभिलेखागारात जुने कागद दुरुस्त करते. फाटलेले सांधते, चुरगळलेले सरळ करते, कसर लागलेले जमेल तेवढे वाचवते. आमच्या खोलीत बाहेरचं कुणी येत नाही. हा वाचनकक्ष समजून थेट आत शिरला — हातात आमच्याकडे नव्यानं आलेल्या कागदांच्या बातमीचं कात्रण, केसांवर पावसाचे थेंब.

"तिथेच थांबा," मी म्हणाले. "ओल्या केसांनी टेबलावर वाकायचं नाही."

"पुसून येऊ?"

"आधी काय हवंय ते सांगा."

त्यानं कात्रणातला नंबर वाचला, मग लांबूनच माझ्या टेबलावरच्या खोक्याचा. "हा हवाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला. "आमच्या घरातला माणूस आहे त्यात."

खोक्यात एका तरुण सैनिकाची रोजनिशी होती आणि पोस्टात टाकायची राहून गेलेली एकोणीस पत्रं. त्याच्या सोबत्यानं ती जन्मभर जपली. तो गेल्यावर त्याच्या मुलीनं आमच्याकडे आणून दिली.

"माझ्या आजोबांचे थोरले भाऊ," तो म्हणाला. "लढाईतून परत आले नाहीत. बावीस वर्षांचे होते."

दोन गल्ल्या पलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद ठेवून तो रोज वाचनकक्षात यायला लागला. मी एकेक पत्र नीट करून द्यायची, तो ते उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवायचा. पत्रांत फार काही नसायचं. चहा पातळ मिळतो, बूट चावतात, आईच्या गुडघ्याला तेल लावा. तरी एखादं उतरवताना त्याची पेन्सिल थांबायची, आणि मधल्या काचेतून ते दिसल्यावर माझाही हात थांबायचा.

"तुझा चष्मेवाला आलाय," नोंदणीच्या काकू म्हणायच्या.

"माझा कशाला?"

"बरं, आपल्या सगळ्यांचा. पण बघतो तुझ्याकडे."

एकदा पत्र परत करताना तो म्हणाला, "तुम्ही काम करताना बोलता का हो? काचेतून ओठ हललेले दिसतात."

"शिव्या देते."

"कागदाला?"

"काचेतून बघणाऱ्याला."

तो हसला… आणि त्या दिवशी मी एकाच कोपऱ्याला दोनदा खळ लावली.

पत्रं संपली, रोजनिशी हातात घेतली. सुरुवातीचीच दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. कुठल्यातरी नदीत भिजली असावीत. मागच्यापुढच्या पानांवरून तारखा सांगितल्या तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"निघाले तो दिवस त्यात आहे," तो म्हणाला. "सैन्यात नाव घातल्याचं त्यांनी आजोबांना शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं. आजोबा चौदा वर्षांचे. इतके रागावले, की स्टेशनवर सोडायला गेलेच नाहीत. गच्चीवर जाऊन बसले. साठ वर्षं झाली, अजून आगगाडीची शिट्टी ऐकली की गप्प होतात."

मी चिकटलेल्या पानांची कड निरखून पाहिली.

"उघडतील ना?"

"उघडतील. फाटूही शकतील."

तो घुटमळला. "आणि आत… रागाचं काही निघालं तर? थोडं बदलून वाचलं तर काय बिघडतं?"

"नाही."

"अहो, त्यांचं वय—"

"मी कागदाला ठिगळ लावते. मजकुराला नाही."

बोलून गेले आणि लगेच वाटलं, जरा जपून बोलायला हवं होतं. तो मान हलवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. साहेबांकडून पानं सोडवायची परवानगी मी आणली, पण हात काही चालेना. काकूंनी टोमणा मारला नाही, तेव्हा समजलं की आपला चेहराच सगळं सांगतोय.

चौथ्या दिवशी तो काचेपाशी उभा होता.

"बदलून नाही वाचायचं," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. इतकी वर्षं त्यांनी मनानेच काय काय वाचलंय, आता खरं ऐकू दे. फक्त तुम्ही वाचाल? माझ्याच्यानं होणार नाही."

ओलसर टीपकागदांच्या डब्यात रोजनिशी रात्रभर ठेवली. सकाळी पातळ पट्टी कडेनं आत सरकवली. केसाएवढं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा केसाएवढं. तो बाहेर उभाच होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही. एक कोपरा सुटून पलीकडच्या पानाला राहिला, दोन-तीन अक्षरं गेली. बाकी सगळं शाबूत. पेन्सिलीनं लिहिलेलं म्हणून वाचलं, शाई असती तर केव्हाच वाहून गेली असती.

मी वाचलं, आणि खुर्ची ओढून बसले.

त्यानं भुवया उंचावून विचारलं.

"आधी आजोबांना," मी म्हणाले.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा आजोबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसले होते. मी उतरवून आणलेला कागद उलगडला.

'बरं झालं, धाकटा स्टेशनवर आला नाही. आला असता तर डब्यातल्या सगळ्यांसमोर मी रडलो असतो. गाडी आमच्या घरामागून गेली तेव्हा तो गच्चीवर उभा दिसला. हात केला नाही त्यानं. पण वळण येईपर्यंत जागचा हलला नाही. मला तेवढं पुरलं.'

आजोबा खुर्चीत पुढे सरकले.

"पुन्हा वाच, पोरी."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना आजोबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"मला वाटलं, मी दिसलोच नसेन," ते म्हणाले. "शेवटच्या क्षणी उठून उभा राहिलो होतो. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही… कोण विश्वास ठेवणार? आणि त्यानं पाहिलं होतं. लिहूनसुद्धा ठेवलं."

रडता रडता ते हसायला लागले. मग माझे दोन्ही हात हातात घेतले, खळीनं खरखरीत झालेली बोटं त्यांनी अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "या हातांचं भलं होवो."

इतक्या वर्षांत किती कागद सांधले. त्यातल्या कुणाच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ. त्या सोबत्याचे, त्याच्या मुलीचे, खोका नेमका माझ्या टेबलावर ठेवणाऱ्या काकूंचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटत होते.

तो मला खाली सोडायला आला. फाटकाशी येऊन तो थांबला.

"तुमचे आभार कसे मानू, कळत नाही."

"आजोबांनी मानलेत की."

"ते त्यांचे झाले. माझे वेगळे आहेत." तो फाटकाच्या कडीशी चाळा करत होता. "खरं सांगायचं तर, पत्रं उतरवून घ्यायची गरज नव्हती. छायाप्रती मिळतात, काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग?"

"एका दिवसात काम संपलं असतं."

मला हसू आवरेना. "आता तर संपलंच."

"हो ना. आता यायला काही कारण उरलं नाही."

मी रस्त्यापर्यंत गेले, थांबले, मागे वळले.

"कारण नसताना ये."

तो बघतच राहिला. "ये… म्हणालात?"

"म्हणाले."

"मग मीसुद्धा—"

"म्हण की."

त्यानं फाटक उघडलं आणि रस्त्यावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला, "तुला सोडतो."