पुसलेला पडदा

चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक करण्यात जादू नाही, हे नीलिमा विद्यार्थ्यांना सांगून सांगून थकली होती. संगणक चित्रातल्या रंगांना क्रमांक देतो. त्यांतल्या एका क्रमांकावर 'हा दाखवू नये' अशी खूण केली, की त्या जागी वेबपानाची मूळ नक्षी दिसते. बस्स. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन १९९८ च्या उन्हाळ्यात, कराडच्या एस.टी. स्टँडसमोर, पत्र्याच्या माळ्यावरच्या संगणक वर्गात ती हेच करत बसली होती. पंखा गरम वारा ढवळत होता. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटत होते.

फोटो म्हसवडच्या धुळा मेंढपाळाच्या सात महिन्यांच्या मुलीचा, तायडीचा होता. तिच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आई गेली. आजीला, अंबूबाईला, मोतीबिंदूमुळे माणसाची नुसती सावली दिसे. तेव्हा धुळाच्या अमेरिकेतल्या निपुत्रिक चुलतभावाने, बिरदेवने, पोर दत्तक मागितली. त्याच्या वेबपानावर गुलाबांची नक्षी होती. तायडी त्या गुलाबांत बसलेली दिसावी, मागचा स्टुडिओचा निळा पडदा नको, एवढीच त्याची फर्माईश.

स्कॅन केल्यावर चुण्यांमुळे एका निळ्याचे अकरा निळे झाले होते. नीलिमाने ते हाताने एक केले आणि खूण केली. गुलाब उमटले. पोरीच्या दोन्ही काखांखाली, फ्रॉकच्या कडेला, गव्हाळ रंगाच्या चार-चार पट्ट्या तेवढ्या उरल्या. तिने त्या पुसल्या, फाइल साठवली, पुन्हा उघडली. पट्ट्या होत्या. तिने संगणक बदलला, फोटो नव्याने स्कॅन केला. दर वेळी पुसल्यावर शून्य, उघडल्यावर आठ. मूळ फोटो तिने भिंगाखाली धरला. त्यात पट्ट्या नव्हत्या.

शनिवारी दुपारी धुळा आईला आणि पोरीला घेऊन आला.

"आवं म्याडम, झाला का फोटू? बिरदेव रोज फोन करतुया."

अंबूबाईने पोर मागच्या बाकावर निजवली. "तीन दिस झालं, त्या डब्यात बघत बसलीया ही बाई. एवढ्यात आमी अख्खा कळप कातरला असता."

"फोटो काढताना हिला कुणी धरलं होतं?" नीलिमाने विचारले.

"कोन धरतंय? स्टुलावर ठिवली," धुळा म्हणाला.

"बसाया येत न्हाई तिला अजून," अंबूबाई म्हणाली. "त्या दिशी मातुर लय गुमान बसली. फोटूवाला बी चाट पडला."

नीलिमाने मॉनिटर धुळाकडे वळवला आणि चित्र आठपट मोठे केले. सात पट्ट्या पूर्ण होत्या. आठवी तोकडी होती.

धुळाने त्या तोकड्या पट्टीवर बोट टेकवले.

"काय रं?" म्हातारीने विचारले.

"काय न्हाई, आये." मग त्याने आवाज खाली आणला. "विळ्यानं तुटली हुती ती करंगळी. मंगलची. माज्या कारभारनीची."

नीलिमाला उत्तर देता आले असते. रंगांची गर्दी, यंत्राचा दोष, शोकातल्या माणसाची नजर.

"देऊ नका मग पोर," ती म्हणाली.

"वाढवू कशी? मी आठ म्हयनं मेंढरांमागं. आयेला चूल दिसत न्हाई." त्याने मॉनिटरवरून नजर काढली. "पुसा. करंगळी आदी पुसा."

तिने पुसली. मग एकेक करून बाकीची सात बोटे. साठवले.

उघडले. नव्हती.

तिने बंद करून पुन्हा उघडले. फक्त गुलाब.

"गेली," ती म्हणाली.

धुळाने फ्लॉपी खिशात घातली आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मागे अंबूबाई बाकावर वाकली. पोर उचलली जाईना. तिने पुन्हा जोर लावला.

"आवं, सोडा की म्याडम," ती हसत म्हणाली, "येस्टी चुकंल आमची."

नीलिमाचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.