पावणेचारचा पंखा

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण सुधीर माझा मावसभाऊ आहे आणि थापा मारणं त्याला या जन्मात जमायचं नाही. १९९९ सालचा एप्रिल. जागा कल्याणजवळचं मोहने. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

सुधीरचं डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मोहन्याचे गोमाजी त्याला घरी घेऊन गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा नाथा सहा महिन्यांपूर्वी काविळीने गेला होता. त्याचा कॉम्प्युटर अजून स्टँडबायवरच होता. पडदा काळा, आतला पंखा बंद, बटण दाबलं की जागा.

"बटन कोन दाबत नाय," गोमाजी हळूच म्हणाले. "तरी रोज पावनेचारला उठतो. नाथाचा क्लासवरून यायचा टाइम."

नाथाची आई, आवडाबाई, ताट वाढून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

तीन चव्वेचाळीस...

पंखा घरघरला. पडदा उजळला.

"आयला माजा नाथा," त्या म्हणाल्या, आणि मगच त्यांनी पहिला घास घेतला.

सुधीरने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, बरोबर पावणेचार. पण हातांना सवय दुरुस्तीची. दुसऱ्या दिवशी त्याने मॉडेमची वायर काढली, कारण फोन आला तरी त्यातून मशीन जागं होऊ शकतं. माउस काढला. कीबोर्ड काढला. विंडोजमधली ठरलेल्या वेळची कामं पुसली. वर मशीनचं घड्याळ दोन तास मागे केलं.

पंखा घरघरला...

पडद्यावर पावणेदोन वाजले होते. भिंतीवर पावणेचार.

शेवटी त्याने स्टँडबायच काढून टाकलं आणि मशीन बंद केलं. दुसऱ्या दुपारी ते गप्प राहिलं.

"आता ही सावरल," गोमाजी म्हणाले.

आठ दिवसांनी आवडाबाई एकट्याच दुकानात आल्या. चेहरा पार उतरलेला.

"पयलेसारका बिघडवून दे रं, पोरा. घास उतरत नाय."

सुधीर त्याच दुपारी मोहन्याला गेला. वायर, माउस, कीबोर्ड, घड्याळ, स्टँडबाय, सगळं होतं तसं केलं. ताट वाढलेलं होतं.

पावणेचार झाले.

चार झाले...

साडेचारला आवडाबाईंनी ताट झाकलं. "रुसला असल," एवढंच म्हणाल्या. सुधीरला तिथे बसवेना. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा कळलं.

पुढे अनेकदा जाऊन त्याने ते मशीन तपासलं. त्यात काहीच बिघाड नव्हता.

पण दुकानात त्याचं स्वतःचं मशीन असतं, स्टँडबायवर. त्या दिवशी मोहन्याहून आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज पावणेचारला...

पंखा घरघरतो.

सुधीर हातातलं काम ठेवतो. पडद्याकडे बघवत नाही, तरी बघतो.

"अरे, इथे नको येऊ," तो रोज सांगतो. "घरी जा. आई जेवायची थांबलीये."