ठोक्याचा उशीर

पैज लागली ती शिंपीकाकांच्या शिलाई मशीनवर हात आपटून. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला शेजारच्या दुकानातला घड्याळवाला. हरेल त्याने भर चौकात स्टुलावर चढायचं, कान धरायचे आणि दहा वेळा ओरडायचं, "माझा उशीर झाला!"

निमित्त? घटकाभरापूर्वी घड्याळाच्या दुकानात आलेली एक मुलगी.

तिने भिंतीवरचं जुनं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि घड्याळवाल्याच्या डोळ्यावरचं भिंग टपकन गळून पडलं.

"ठोक्या... तू?"

"सावकाशबाई!"

शाळेत घंटा त्याच्याकडे, म्हणून तो ठोक्या. ती रोज उशिरा, म्हणून सावकाशबाई. घर शाळेच्या भिंतीला लागून, तरी उशिरा!

"बाबांचं घड्याळ. चालतं, पण मागे पडतं."

"घरातल्या माणसांवर गेलंय..."

"गप रे! सोमवारपर्यंत दे. घर विकलंय, सोमवारी मी निघाले."

"परत कधी?"

"कशाला येऊ? इथे आता कोण आहे माझं?"

विचारताना ती सरळ त्याच्याकडेच बघत होती. तो मात्र खाली वाकून भिंग शोधत बसला... भिंग शर्टाच्या खिशात!

ती गेली आणि काका खिडकीतून डोकावले. "रविवारी जुन्या मुलांचा मेळावा ना? दहाची घंटा तूच देणार. लिहून ठेव, ती दहाच्या आत फाटकातून येत नाही."

"काका, ती आता ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. मिनिटाची चूक चालत नाही तिथे."

"अरे, तिचे युनिफॉर्म मी शिवलेत! शाळा सुरू व्हायच्या आधी मापाला बोलावलं, सहामाहीला उगवली. तोवर दोन इंच वाढली होती!"

काकांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्या वर्षांत घंटासुद्धा वेळेवर होत नव्हती. फाटकात दोन वेण्या दिसेपर्यंत ठोक्याचा हातोडा हवेतच. कधी एक मिनिट, कधी दोन... एकदा तर सात! दहावीत हेडसरांनी पकडलं. अख्ख्या शाळेसमोर बाकावर उभा, कान धरून.

"कारण सांग!"

"सर... खांदा दुखतो."

घंटा दुसऱ्याकडे गेली. आणि दुसऱ्याच दिवसापासून सावकाशबाई सगळ्यांच्या आधी हजर! ठोक्याने समजून घेतलं, तिला आपलं काही नाही. बारा वर्षं गिळून बसला.

रविवार. मैदान भरलं होतं. कुणाची पोटं पुढे, कुणाचे केस मागे. काकांनी मनगट वर केलं. "दहा! मार ठोका!"

फाटक रिकामं. हातोडा हवेत.

"अरे, मार की!" सगळे ओरडले. पैज तर गेलीच होती. पण ठोका पडला की तिच्यावाचून सगळं सुरू होणार, आणि उद्या ती जाणार... हात खाली येईना. दहा वाजून तीन. पाच. सात...

फाटकाच्या भिंतीआडून खुदकन हसू आलं.

"किती वेळ थांबतोस, तेच बघत होते."

"कधीपासून आहेस तिथे?"

"साडेनऊपासून. शाळेतही रोज इथेच उभी असायचे... घंटा माझ्यासाठी थांबते का, ते बघायला."

"मग नंतर वेळेवर का यायला लागलीस?"

"घंटा दुसऱ्याच्या हातात गेली. मग भिंतीआड थांबून काय करू?"

त्याचा हात आपोआप खाली आला. ठण्ण!

"ती लाडीगोडी नंतर!" काका ओरडले. "दहाला ती फाटकाच्या आत नव्हती. पैज म्हणजे पैज!"

संध्याकाळी चौकात स्टूल. ठोक्या कान धरून उभा, गल्ली मोजतेय. "माझा उशीर झाला!" एक. दोन. तीन. चार... पाचव्याला गर्दीत ती दिसली.

"माझा उशीर झाला... बारा वर्षं. बाकावर उभा होतो तेव्हाच सांगायला हवं होतं. खांदा नव्हता दुखत. तू आवडायचीस. अजून आवडतेस."

गल्ली मोजायचं विसरली.

"काका," ती म्हणाली, "दुसरं स्टूल आहे?"

ती चढली. त्याच्या शेजारी, कान धरून. "माझाही उशीर झाला!" मग हळूच त्याला म्हणाली, "आणि ते घड्याळ... सोमवारी नको. सावकाश दे."

"तिचं धरणार नाही!" काका डोळे पुसत ओरडले. "पाच झाले, पाच राहिले. चल, ओरड!"