पंखा काढलेली बोट

इंजिनाचं काम करणारा माणूस मुळात संशयी नसतो, गिऱ्हाइकं त्याला तसा करतात. "काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं," असं शपथेवर सांगणाऱ्याच्या टाकीत मी मूठभर वाळू पाहिलेली आहे. त्यामुळे जिग्नेशशेठनी मला धाकट्या डहाणूला बोटीच्या सर्व्हिसिंगला बोलावलं, तेव्हा हत्यारांच्या पेटीबरोबर मी थोडा संशयही घेऊनच निघालो.

ही बोट मासेमारीची नव्हे. शेठची चिकूची वाडी आहे, वाडीत रिसॉर्ट आहे, आणि तिथल्या पाहुण्यांना समुद्रावर फिरवून आणायला ही पांढरी फायबरची बोट. चालवायला मोरू, माझ्या बहिणीचा, कल्पिताचा नवरा. काम साधं होतं. तेल बदलायचं, प्लग साफ करायचे, पाण्याचा पंप उघडून बघायचा, आणि सीझनसाठी नवे दिवे आणि भोंगा बसवायचा.

धक्क्यावर पोचलो तर शेठनी मला बाजूला घेतलं.

"चंद्राभाई, पेट्रोल जाते कुठे? पाहुणे नाहीत, फेऱ्या नाहीत, आणि टाकी खाली."

"गळत असेल, शेठ."

"गळत नाय. रात्री कोण तरी बोट घेऊन जाते. दमणवरून दारूच्या बाटल्या आणत असेल." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझा पावणा, मोरू."

त्यांनी माझ्या हातात काडेपेटीएवढा एक ट्रॅकर ठेवला. दिव्यांच्या वायरिंगमध्ये तो गुपचूप जोडून द्यायचा, म्हणजे बोट कुठे जाते ते त्यांच्या मोबाइलवर दिसणार होतं.

"मोरू साफ निघाला तर चांगलंच आहे. नाय निघाला तर सरळ पोलिसात देणार. मग तू मध्ये यायचं नाय."

मी हो म्हटलं. कल्पिताचं घर, दोन मुली, सगळं या एका नोकरीवर. पण खरं सांगायचं तर संशय मलाही होता. दिवाळीपासून मोरू खंगत चालला होता. पूर्वी हाक मारली की आधी हसायचा, मग बोलायचा. आता नजरच देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

मी ताडपत्री काढून मशीनचं झाकण उचललं. झाकण गार होतं. आतला लोखंडी भाग मात्र हाताला गरम लागला.

"कधी चालवलीस?" मी मोरूला विचारलं.

"चार दिवस झाले असतील."

"आणि मशीन आज गरम?"

"उन्हात होती ना बोट, दादा."

बोट ताडपत्रीखाली होती आणि वर सुरूच्या झाडांची सावली होती.  तेल काढलं तर काळंकुट्ट निघालं, आणि ते तेल तर मीच हल्ली बदललं होतं. बोटावर घेऊन हुंगलं. जळक्या वासाखाली दुसराही एक वास होता. खोबरेल तेलाचा, आंघोळीनंतर बायका केसांना लावतात त्या तेलाचा. मी बोट कापडाला पुसलं, पण वास काही जाईना.

दिव्यांच्या वायरी ओढताना मोरू जवळ येऊन उभा राहिला.

"हे काय, दादा?"

"फ्यूज आहे," मी म्हणालो. बहिणीच्या नवऱ्याशी त्याच्या तोंडावर खोटं बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शेठनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. खाडीच्या तोंडातून एक लाल रेघ सरळ समुद्रात गेली होती. एका जागी बराच वेळ थांबून त्याच वाटेने परत आली होती. त्या जागेच्या आसपास ना बंदर, ना दुसरा किनारा, नुसतं पाणी.

"आता बोल," शेठ म्हणाले.

"मला आजचा दिवस द्या."

मी सरळ बोटीवर गेलो आणि मशीनचा पंखा काढला. पंखा पाणी मागे लोटतो म्हणून बोट पुढे जाते. तो काढला की मशीन कितीही बोंबलो, बोट जागची हलत नाही. पंखा गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर घरी आणला. संध्याकाळी कल्पिता, मोरू आणि मुलींना डहाणूला माझ्याकडे जेवायला बोलावलं आणि आग्रह करकरून ठेवून घेतलं. माझं अंथरूण मी दाराला आडवं घातलं. मोरूला बाहेर जायचं असतं तर मला ओलांडून जावं लागलं असतं. तो गेला नाही. उलट इतका घोरला की माझाच डोळा लागला नाही.

सकाळी शेठचा फोन आला. "काल पण गेली. त्याच जागेवर. तुझा पावणा कुठे होता?"

"माझ्या घरात, शेठ! माझ्या डोळ्यांसमोर!"

माझा जीव भांड्यात पडला. मोरू चोर नव्हता, कल्पिताचं घर वाचलं होतं. "संध्याकाळी मी स्वतः धक्क्यावर येतो, कोण आहे ते बघतो," असं म्हणून शेठनी फोन ठेवला. मी हसत मागे वळलो आणि कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे नजर गेली.

पंखा आत होता. मी सोडून बघितलं. नंतर पुन्हा बघितलं.

मोरू दारात उभा होता. त्याने पंखा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि तिथेच खाली बसला.

"मी नाय नेत, दादा... ती आपली आपण जातेय."

मग तो बोलला. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे पाहुणे घेऊन शेठ स्वतः बोटीवर होते. बाहेर समुद्रात पाण्यावर एक बाई दिसली. पालथी होती. केस मोकळे पसरलेले. मोरूने बोट वळवली. शेठनी त्याचा हात धरला. पाहुण्यांची पोरं आहेत, घाबरतील, पोलिसांची कटकट लागेल, सरळ चल.

"आपल्यात असं करतात काय, दादा? ज्या बोटीनं मढं पाहिलं, तिनंच आणायचं. वैरी असला तरी आणायचं. मी... पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी एकटा शोधायला गेलो, तर नव्हती. तेव्हापासून बोट जाते. सकाळी मशीन गरम असते."

मला त्याचा राग आला, शेठचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. या माणसावर मी पहारा ठेवला होता.

"चल," मी म्हणालो, "आणू या तिला."

दुपारच्या भरतीला मी पंखा परत बसवला. मोरूने नारळ घेतला आणि एक कोरं लुगडं. निघताना त्याने मला बजावलं, "येताना मागं वळून बघायचं नाय. धक्क्याला दोरी बांधेपर्यंत नाय. बघितलं तर ती परत उतरते."

ती जागा आली तेव्हा समुद्र तेलासारखा सपाट होता. मोरूने मशीन बंद केलं. एरवी बोटीच्या अंगावर पाणी चपचप वाजतं, तेही वाजत नव्हतं. त्याने नारळ सोडला, लुगडं मागच्या बाकावर ठेवलं आणि पुढे तोंड करून बसला. मीही बसलो.

"बाय," तो हळूच म्हणाला, "चुकलं आमचं... चल, बस. घरी जाऊ."

खोबरेलाचा वास आला. बोट एका अंगाला कलली, कुणी काठ धरून वर चढावं तशी. मग सरळ झाली. मी मान हलवली नाही. मोरूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने मशीन चालू केलं.

परतताना मी फक्त मशीन ऐकत होतो, कारण दुसरं काही ऐकायचं नव्हतं. आणि मशीन काही लपवत नाही. आम्हा दोघांना घेऊन गेलं होतं तेव्हाचा आवाज वेगळा होता, आता ते दमून ओढत होतं. एक बाई वाढली म्हणून एवढं दमायला नको होतं. मी मोरूकडे बघितलं. त्यालाही ते कळलं होतं.

धक्क्यावर उजेड होता अजून. शेठ येऊन उभे होते आणि आम्हाला बघून लांबूनच ओरडले.

"मोरू! चंद्राभाई, तू पण? कोणाला विचारून माणसं बसवली? लाइफ जॅकेट नाय, काय नाय! त्या पोराला आत घे पहिलं, पाण्यात हात घालून बसलाय!"

मोरूच्या हातून दोरी सुटली. "दादा," तो ओठ न हलवता म्हणाला, "मी बाईच पाहिली होती... पोर नव्हतं."

मी दोरी उचलली, पण गाठ बसेना. तोवर शेठ धक्क्याच्या पायरीवर वाकले. त्यांनी हात पुढे केला, ओढ लागावी तसा त्यांचा खांदा खाली आला, आणि बोट आमच्या पायांखाली जराशी वर उचलली गेली. शेठचा ओरडा एकदम विरघळला होता. घरी नातवाशी बोलावं तसे ते बोलत होते.

"आव बेटा, संभाळीने. केवढा गारठलाय हा... तारी मम्मी क्यां गई? कुठे गेली मम्मी?"

गाठ बसली तेव्हा आम्ही मागे बघितलं. बाक रिकामे होते. लुगडं नव्हतं.

शेठ वाडीच्या वाटेने एकटेच निघाले होते. एक हात कमरेपाशी खाली धरलेला, मान त्याच बाजूला झुकलेली. शेठ झपझप चालणारे, पण आता दर दोन पावलांवर थांबत होते, बारक्या पायांना गाठता यावं म्हणून.